पौलाचं पत्र अख्खं वाचा

संपादक महोदय,

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. वसई-अर्नाळा पट्ट्यातल्या प्रार्थनागटांनी या निवांत संध्याकाळी संत पौलाचं एकच पत्र, फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं, अख्खं वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे.

मिस्सेतल्या (चर्चमधल्या उपासनेतल्या) दुसऱ्या वाचनात पत्रांचे तुकडेच कानावर पडतात आणि प्रवचन बहुधा शुभवर्तमानावर होतं. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘अ’ वर्षात सामान्य काळाच्या (मोठ्या सणांच्या काळाबाहेरच्या) 25 ते 28 व्या रविवारी फिलिप्पैकरांस पत्र येतं. पण त्यात तिसरा अध्याय नसतो आणि 4:2-3 (अध्याय 4, वचनं 2-3) ही नसतं. पत्राचं दुखणं तर तिथंच आहे! युवदीया आणि सुंतुखे, दोघीही पौलासोबत सुवार्तेसाठी झटलेल्या, आणि आता त्यांचं बिनसलेलं. पौल दोघींना वेगवेगळी विनंती करतो, बाजू कुणाचीच घेत नाही. अशी पत्रं मंडळीसमोर मोठ्यानं वाचली जात; दोघी ऐकायला बसलेल्या असणार. हे कळल्यावर 2:6-11 मधलं ख्रिस्ताच्या नम्रतेचं स्तोत्र नुसतं गोड लागत नाही. बांधावरून अबोला धरलेल्या भावांना ते उठून बसवतं.

पहिल्या संध्याकाळी चारही अध्याय, 104 वचनं, न थांबता मोठ्यानं वाचा. वीसेक मिनिटं पुरतात. चर्चा नको. दुसऱ्या बैठकीत बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 16: लुदिया, तुरुंगाधिकारी, फिलिप्पैची मंडळी कशी उभी राहिली ते. मग दर आठवड्याला एक उतारा. अध्यायांच्या खुणांवर विसंबू नका. त्या तेराव्या शतकातल्या, वचनांचे आजचे आकडे 1551 चे. 1:27 पासून 2:18 पर्यंत विचार एकच आहे, तो सलग घ्या.

घात होतो तो सुटं वचन उचलल्यानं. 4:13 (जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्वकाही करू शकतो) गाडीच्या काचेवर यशाची हमी म्हणून चिकटवतात. आधीची दोन वचनं वाचा: पौल तुरुंगातून भूक आणि टंचाईतल्या समाधानाबद्दल लिहितो आहे. दुसरा धोका, एकानंच बोलत राहण्याचा. गट आठ-दहा जणांचा ठेवा आणि प्रत्येकानं उठण्याआधी त्या आठवड्यात करायची एक गोष्ट ठरवावी: कुणाकडे जायचं, कुणाचं देणं फेडायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात त्याच्याच विचारपुशीनं व्हावी.

यानंतर फिलेमोनाला पत्र घ्यावं, 25 च वचनांचं. रोमकरांस पत्र 16 अध्यायांचं आहे. ते पुढच्या पावसाळ्यासाठी राहू द्या.

– एक वाचक, वसई