स्मृतिभ्रंश, जनुक आणि पोटातले जंतू : बातमी अर्धीच छापली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत 'स्मृतिभ्रंशाचं मूळ पोटात!' अशा मथळ्याची, पोटातले जंतू आणि जनुक यांचा स्मृतिभ्रंशाशी संबंध जोडणारी बातमी आली होती. आमच्या घरात ती तिघांनी वाचली आणि तिघांनी तीन अर्थ काढले. धाकट्या भावाने विरजण दुप्पट लावायला सांगितलं. भावजय म्हणाली, सासूबाईंना बद्धकोष्ठ होतंच की. आणि पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने रात्री साडेअकराला फोन केला.

"मामा, माझ्यात चार नंबर निघालाय."

मला वाटलं, चष्म्याचा.

मग कळलं की पठ्ठ्याने सहा महिन्यांपूर्वी जनुकं तपासणाऱ्या कुठल्याशा कंपनीला कुरिअरने लाळ पाठवली होती. अहवाल आला, तो त्याने कुणाला दाखवला नाही, आणि आपली बातमी वाचून त्याचा धीर सुटला. वय चौतीस. "आज्जीचं झालं तेच माझं होणार. जनुक खराब, वरून पोटही खराब," असं म्हणत होता. दुसऱ्या दिवशी त्याने जंतूंच्या कॅप्सूलचे चार डबे गावी पाठवून दिले, घरातल्या सगळ्यांसाठी.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि सात वर्षं आईला सांभाळलं. आई शेवटी शेवटी रिकामी परात पुढ्यात घेऊन बसायची आणि पीठ मळायची. पीठ नसायचं. तळहात मात्र बरोबर फिरायचे, मधूनच पाण्याच्या तांब्याकडे हात जायचा, मग दोन्ही तळव्यांवर न दिसणारा उंडा गोल व्हायचा. आमचं नाव विसरली, भाकरी नाही विसरली. गावात लोक म्हणायचे म्हातारचळ लागला. एका खासगी दवाखान्यात दोन मिनिटांत "वय झालं" असं सांगून आम्हाला वाटेला लावलं. तेव्हा या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेलो, म्हणून हे लिहितोय.

भाच्याचा 'चार नंबर' म्हणजे एपीओई या जनुकाचा ई-४ प्रकार. हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतं आणि मेंदूत कोलेस्टेरॉलसारख्या चरबीची ने-आण करणारं प्रथिन त्याच्यावरून बनतं. प्रकार तीन : ई-२, ई-३, ई-४. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची, एक बापाची. ई-४ आणि अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) यांचं नातं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं. एक प्रत असेल तर धोका साधारण दुप्पट-तिप्पट, दोन्ही असतील तर आठ ते बारा पट. ई-२ असेल तर उलट कमी. हे आकडे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगड भागात आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एकाच पद्धतीने पाहणी झाली होती, तेव्हा ई-४ बल्लभगडच्या लोकांत कमी सापडलं. आणि 'तिप्पट' हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं खरं, पण कशाच्या तिप्पट हे कुणी विचारत नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या शंभरांत सातेक जणांना स्मृतिभ्रंश आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी सांगते (नेमका आकडा ७.४ टक्के). ई-४ असूनही नव्वदीपर्यंत शाबूत डोक्याने जगणारे आहेत, आणि ई-४ नसूनही आजारी पडणारे पुष्कळ आहेत. घराण्यात नक्की उतरणारा अल्झायमर वेगळा, तो वेगळ्या जनुकांमुळे होतो आणि शंभरात एकालाही नसतो.

दुसरी गोष्ट भाच्याला सुचलीच नव्हती. आईची लाळ कुणी तपासली होती? तिच्यात ई-४ होतं की नव्हतं, देव जाणे. त्याचा चार नंबर बापाकडूनही आला असेल. (हे मी दाजींसमोर बोललो नाही.)

आता पोटाकडे येतो. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. ज्या प्रयोगावर ती बेतली आहे तो बहुधा सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड होल्टझमन यांच्या गटाने केलेला, २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. उंदरांमध्ये माणसाचं एपीओई घातलं आणि मेंदू झिजवणारं टाऊ हे बिघडलेलं प्रथिनही. काही उंदीर जन्मापासून जंतूविरहित वाढवले. चाळीस आठवड्यांनी पाहिलं तर जंतू नसलेल्यांचा मेंदू बराच कमी झिजला होता. काहींना पिल्लू असताना प्रतिजैविकं दिली, तर नरांना फायदा झाला, माद्यांना नाही. नरांतही ई-३ वाल्यांना जास्त, ई-४ वाल्यांना कमी. म्हणजे जनुक आणि जंतू एकमेकांशी बोलतात, हे खरं.

पण पुढचं आपल्या बातमीत नव्हतं. पोटातले जंतू चोथा आंबवून लहान साखळीची स्निग्धाम्लं तयार करतात. आहारतज्ज्ञ एरवी त्यांचं कौतुकच करतात. या प्रयोगात जंतूविरहित उंदरांना तीच आम्लं पाण्यातून पाजली, तर मेंदूतल्या रक्षक पेशी खवळल्या आणि झीज वाढली. आता सांगा, मी भावाला विरजण दुप्पट लावू देऊ की निम्मं? यावरून चोथा वाईट असंही कुणी म्हणू नये. उंदराचा निकाल आपल्या ताटात आणून वाढता येत नाही, एवढाच मुद्दा.

माणसांवरचंही काम आहे. त्याच विद्यापीठात त्याच वर्षी १६४ धडधाकट स्मरणशक्तीच्या लोकांचे जंतू तपासले. त्यातल्या ४९ जणांच्या मेंदूत अल्झायमरची सुरुवातीची चिन्हं होती आणि त्यांचे जंतू इतरांहून वेगळे निघाले, जेवण साधारण सारखंच असून. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आईवरून मी उलटा विचार करत होतो. ती शेवटची दोन वर्षं चहा-बिस्किटावर होती, दात नव्हते, भाकरी कुस्करून दिली तरी थुंकायची. अशा माणसाच्या पोटातले जंतू बदलणारच. आजाराने जंतू बदलले की जंतूंनी आजार आणला? त्या ४९ जणांमुळे वाटतं की सगळं खापर जेवणावर फोडता येणार नाही. पण आधी कोण, हे त्यावरूनही ठरत नाही.

भावाचं म्हणणं, पूर्वी लोक ज्वारीची भाकर, अंबाडी, ताक खायचे म्हणून डोकी शाबूत होती. पूर्वी लोक एवढे जगतच नव्हते, हे त्याला पटत नाही. ज्वारीबद्दल मात्र त्याच्याशी माझं भांडण नाही. सोयाबीनने आमच्याकडची खरिपाची ज्वारी खाल्ली आणि रेशनच्या गव्हाने ताट बदललं, हे दिसतंच आहे. आपल्याकडे धान्य-कडधान्य खाणाऱ्यांच्या पोटात प्रीव्होटेला नावाचे जंतू भरपूर असतात, परदेशातल्या पोटांत तेवढे नसतात. तिकडच्या पोटांवरून ठरवलेली कॅप्सूल आमच्या पोटात काय करणार, ते कंपनीने डब्यावर छापलेलं नाही.

खरी चुटपुट वेगळीच आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणं मांडली. ती आवरली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात ऐकू न येणं आहे, न शिकणं आहे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, आणि नव्याने घातलेलं, उपचार न झालेलं अधू दिसणं. ती यादी वाचताना मी आईचा हिशेब करत गेलो. ती निजामाच्या राजवटीतली. मुलीला शाळेत घालणं तेव्हा आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डावा कान चाळिशीतच गेला, यंत्र घेतलं नाही. मोतीबिंदू "उन्हाळा संपू दे" म्हणत आम्ही तीन वर्षं ढकलला. बीपीच्या गोळ्या बरं वाटलं की बंद. जन्माची माळकरी, म्हणजे शाकाहारी; बी-१२ जीवनसत्त्व तपासलं तेव्हा तळाला गेलेलं. इंजेक्शनांनी पायाच्या मुंग्या थांबल्या, विसरणं फारसं नाही, कारण फार उशीर झाला होता. यातलं काय तिच्या जनुकात होतं?

म्हणून दोन विनंत्या. अशी बातमी छापताना प्रयोग कुणावर झाला, उंदरावर की माणसावर, हे मथळ्यात नाही तर निदान पहिल्या ओळीत यावं. आणि आपले वार्ताहर तालुक्या-तालुक्यात आहेत. साठीच्या पुढच्यांची स्मरणशक्ती, कान, डोळे आणि बी-१२ एकाच ठिकाणी, एकाच दिवशी तपासून मिळेल असं सरकारी रुग्णालय मराठवाड्यात कुठे आहे, आठवड्यातून कोणत्या वारी, हे त्यांनी शोधून छापावं. आम्ही आईला घेऊन चार गावं फिरलो तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. गंगाखेड, जि. परभणी

ता. क. : नाव छापू नये. भाच्याच्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि 'चार नंबर' म्हणजे काय हे प्रत्येक घरी जाऊन समजावणं मला जमणार नाही.