कारण सिद्ध करायला लावून संसार टिकत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घटस्फोटाची कारणे सरकारने कमी करावीत, म्हणजे लोक ऊठसूट कोर्टाची पायरी चढणार नाहीत, अशी मागणी अलीकडे पुन्हा कानावर येते. मागणी करणाऱ्यांची तळमळ खरी असते आणि मुलांची काळजीही खरी असते. पण मी एकतीस वर्षे वकिलांच्या ऑफिसात घटस्फोटाचे अर्ज टाइप केले. दरवाजा अरुंद केला की त्यातून जाण्यासाठी माणसे काय काय करतात, ते मी रोज पाहत होते. म्हणून हे पत्र.

एक बाई आठवतात. नवऱ्यापासून वेगळ्या राहून त्यांना नऊ वर्षे झाली होती. नवरा संमती देत नव्हता, म्हणजे कारण दाखवणे भाग होते. वकीलसाहेबांनी विचारले, "मारहाण?" "नाही." "व्यसन? बाहेर काही?" "नाही हो. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. आमचं जमलं नाही, एवढंच." एवढ्यावर अर्ज उभा राहत नाही. खोदून खोदून विचारल्यावर एक जुने आजारपण निघाले. बाई तापाने फणफणत होत्या आणि नवरा मित्राकडे जाऊन बसला होता. त्याचा परिच्छेद झाला : 'जाणूनबुजून अमानुष वागणूक दिली.' मीच टाइप केला. मग नवऱ्याची कैफियत आली. तिच्यात बाईंच्या चारित्र्यावर शिंतोडे होते, कारण त्याच्या वकिलालाही उत्तरात काहीतरी लिहायचे होते. बाई पुन्हा ऑफिसात आल्या तेव्हा त्यांची पंधरा वर्षांची मुलगी बरोबर होती. आई आत बोलत होती आणि फाइल मुलीच्या मांडीवर होती. मी पाणी द्यायला गेले, तर ती कैफियतीचे तिसरे पान वाचत होती. तिने मला विचारले, "हे बाबांनी स्वतः लिहिलंय?" मला उत्तर देता आले नाही.

ज्या मुलांच्या नावाने कारणे कमी करा म्हणतात, त्या मुलांच्या हातात शेवटी हे कागद येतात.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये १९३७ पर्यंत व्यभिचार हेच घटस्फोटाचे जवळजवळ एकमेव कारण होते. ज्यांच्यात व्यभिचार नव्हता, त्यांनी तो उभा केला. नवऱ्याने हॉटेलात खोली घ्यायची, पैसे देऊन आणलेल्या बाईबरोबर रात्र काढल्याचे दाखवायचे आणि सकाळी चहा घेऊन येणाऱ्या मोलकरणीने कोर्टात साक्ष द्यायची. न्यू यॉर्क राज्यातही १९६६ साली कायदा बदलेपर्यंत हीच गत होती. ज्यांच्या गाठी पैसा होता ते घटस्फोटाचे नियम सैल असलेल्या नेवाडा राज्यात सहा आठवडे मुक्काम करून मोकळे होत. ज्यांच्याकडे नव्हता ते अडकून पडत. कारणांची यादी आखडली म्हणून संसार सावरले नाहीत, खोट्या शपथा मात्र वाढल्या.

आयर्लंडने तर १९३७ च्या राज्यघटनेतच घटस्फोटाला बंदी घातली होती. मोडलेले संसार तिथेही मोडलेलेच होते. माणसे वेगळी राहत होती, दुसऱ्या जोडीदाराबरोबर घर थाटत होती, फक्त त्या नव्या नात्याला कायद्याचा आधार नव्हता. १९९५ च्या सार्वमतात जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने ही बंदी उठली.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाट बंद झाली की कोणाचा जीव घुसमटतो? अमेरिकेतल्या राज्यांनी एकतर्फी, म्हणजे जोडीदाराची संमती नसतानाही, घटस्फोट घेण्याची मुभा दिल्यावर काय झाले, याचा अभ्यास बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केला. त्या राज्यांत स्त्रियांच्या आत्महत्या ८ ते १६ टक्क्यांनी आणि घरातली मारहाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. बाहेर पडता येते एवढे माहीत असले, तरी घरात राहणाऱ्या बाईशीही बोलण्याची भाषा बदलते. माझा अनुभव याहून वेगळा नाही.

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीची तरतूद १९७६ साली आली आणि अनेकांची चिखलफेकीतून सुटका झाली. पण एकाने अडून बसायचे ठरवले तर काय? 'विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे' हे कारण कायद्यात घालावे, असे विधी आयोगाने १९७८ मध्ये सांगितले आणि २००९ मध्ये पुन्हा सांगितले. २०१३ मध्ये विधेयक राज्यसभेत मंजूर झाले आणि तिथेच थांबले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या आधारावर विवाह संपवण्याचा आपला अधिकार मान्य केला, पण तो सर्वोच्च न्यायालयापुरताच. तिथपर्यंत लढत जाण्याचे त्राण आणि पैसा किती जणींकडे असतो?

घटस्फोट चुटकीसरशी मिळावा असे माझे म्हणणे नाही. विचाराला वेळ असावा, समुपदेशन असावे. घाईने आलेली आणि नंतर अर्ज मागे घेऊन गेलेली जोडपी मी पाहिली आहेत, त्यांचा मला आनंदच झाला. पण वेळ देणे वेगळे आणि दोष सिद्ध करायला लावणे वेगळे. समुपदेशकाच्या खोलीत दोघे बोलू शकतात. एकमेकांवर क्रूरतेचे आरोप लिहून सही केल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही.

सोडून दिलेल्या बाईचे काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. तिने वीस वर्षे घर सांभाळले, स्वतःच्या नावावर काही नाही, माहेरचा आधार नाही. सरकारने कडक व्हायचे ते इथे. पोटगीच्या मागणीत दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले आहे. तरी पोटगीचा हुकूम हातात घेऊन वसुलीसाठी पुन्हा त्याच कोर्टात खेटे घालणाऱ्या बायका मी शेवटच्या वर्षापर्यंत पाहिल्या. मंजूर झालेली रक्कम पगारातून आपोआप कापली जावी, तिने दर महिन्याला मागायला लागू नये. संसारात उभ्या राहिलेल्या घरात आणि पुंजीत तिचा वाटा कायद्याने ठरवावा. २०१३ च्या विधेयकात पत्नीला मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. ते विधेयक दोन्ही अंगांनी, म्हणजे मोडलेल्या विवाहातून सुटका आणि पत्नीचा वाटा, पुन्हा संसदेत यावे. आपल्या वृत्तपत्राने त्यावर लिहावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका