खर्रा न खाणाऱ्याच्या तोंडातला चट्टा

महोदय,

नागपुरात तोंडातला पांढरा चट्टा दाखवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'खर्रा किती वर्षांपासून?' प्रश्न चुकीचा नाही; आपल्याकडे तोंडाचा कर्करोग बहुतेक तंबाखू-सुपारीनेच होतो. पण माझ्या धाकट्या दिरांनी आयुष्यात खर्रा खाल्ला नाही आणि दोन ठिकाणी त्यांना खोटं ठरवलं गेलं. चट्टा जिभेच्या खालच्या बाजूला होता. बायोप्सीच्या अहवालात 'डिस्प्लेसिया', म्हणजे कर्करोगपूर्व बदल, एवढंच.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवतात ते मेणाचे ब्लॉक कापले, म्हणून पुढचं विचारलं. असे काही चट्टे एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूमुळे होतात, बहुधा त्याच्या १६ क्रमांकाच्या प्रकारामुळे. विषाणूचं एक प्रथिन पेशीवाढीचा ब्रेक निकामी करतं, मग पेशीत पी१६ नावाचं प्रथिन साचतं. त्याच ब्लॉकमधून आणखी एक काप घेऊन पी१६ची तपासणी केली की अशा चट्ट्यात वरच्या आवरणाचा सगळा थर सलग तपकिरी दिसतो. नेहमीच्या स्लाइडवरही थरभर विखुरलेल्या, फुटलेल्या केंद्रकांच्या पेशी दिसल्या तर शंका घ्यायला हवी.

मात्र घशातल्या कर्करोगात पी१६वर जेवढा भरवसा ठेवतात, तेवढा तोंडात ठेवता येत नाही. विषाणू नसतानाही ते वाढलेलं सापडतं. म्हणून विषाणूचा जनुकीय अंश ऊतीतच शोधणारी इन सिटू हायब्रिडायझेशन तपासणी जोडीला हवी. नुसत्या पी१६वर कुणाच्या माथी विषाणू मारू नये.

दिरांच्या दोन्ही तपासण्या बाहेरून करून घेतल्या, दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. चट्टा काढला, आता ते नियमित दाखवायला जातात. हा विषाणू मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून जावेच्या मनात भलतंच आलं होतं. हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधी तरी गाठतो आणि बहुधा आपोआप जातो, हे तिला डॉक्टरांनी नीट बसून सांगितलं तेव्हा ती शांत झाली. ते सांगणंही उपचारच आहे.

आमची ऐपत होती. गडचिरोली-गोंदियाहून एसटीने येणाऱ्याचं काय? शहरातल्या सरकारी रुग्णालयांत या दोन्ही तपासण्या परवडतील अशा दरात आणि वेळेत मिळाव्यात. सोय नसेल तिथून ब्लॉक पाठवा, रुग्णाला फिरवू नका.

एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
मानेवाडा, नागपूर