कोल्हापूर–नांदेड म्हणे अर्धा तास!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोणत्याही दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी संकेतस्थळे हल्ली पुष्कळ झाली आहेत. तिथला आकडा उचलायचा आणि ‘कोल्हापूर–नांदेड फक्त अर्धा तास’ म्हणून पुढे ढकलायचा, असा प्रकार व्हॉट्सॲपवर चालू आहे.

उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते नांदेड सरळ रेषेत साधारण 425 किलोमीटर भरते, हे खरे. पण त्याला ताशी 800 किलोमीटरने भागले तरच अर्धा तास येतो, आणि तो वेग मोठ्या जेटचा. एटीआरसारखे पंख्यांचे विमान ताशी 500 च्या आसपास जाते. शिवाय धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे, वर चढणे, वळसा घेऊन उतरणे यांत जाणारा वेळ मार्ग जवळचा आहे म्हणून फारसा कमी होत नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासात खपून जाणारी चूक अशा मार्गावर ढळढळीत दिसते. एटीआर असेल तर सव्वा तास धरावा. त्याआधी तासभर विमानतळावर हजर राहावे लागते ते वेगळेच.

हे सगळे थेट विमान असेल तर. हैदराबादमार्गे गेल्यास आधी सुमारे 445 आणि मग 245, म्हणजे जवळपास 690 किलोमीटर उडायचे आणि मध्ये पुढच्या विमानाची वाट पाहायची. ती वाट लांबली, तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालेला माणूस काय वाईट?

लहान शहरे विमानाने जोडण्याच्या केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमाने 27 एप्रिल 2017 रोजी सुटली, त्यांत नांदेड–हैदराबाद होते. लहान गाव महानगराला जोडायचे, हीच तेव्हापासूनची मुख्य दिशा. दोन जिल्ह्यांची गावे एकमेकांना जोडायला प्रवासी हवेत, आणि इथे हमखास अंबाबाई ते माहूर या शक्तिपीठांचा दाखला दिला जातो. मला तो पटत नाही. तुळजापूर सोलापूरमार्गे जाताना वाटेतच लागते. ते टाळून भाविक आकाशातून कशाला जातील? माहूर तर नांदेड विमानतळावरून आणखी सव्वाशे किलोमीटर. विमान हवे आहे ते बदलीवरच्या नोकरदारांना, व्यापाऱ्यांना आणि आजारी माणसाला घेऊन निघालेल्या घरांना. त्यांच्या दृष्टीने विमान आठवड्यातून किती दिवस आहे आणि सकाळी जाऊन रात्री परतता येते का, हे दहा-वीस मिनिटांच्या फरकापेक्षा महत्त्वाचे.

तेव्हा विनंती एवढीच: नव्या हवाई मार्गाची बातमी देताना ‘इतक्या मिनिटांत’ असा मथळा करण्याऐवजी विमान कोणते, वार कोणते, सुटण्याची व पोहोचण्याची वेळ काय आणि सवलतीच्या जागा किती, हे छापावे. वेळापत्रक ठरले नसेल तर तसेही लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर