इको (हृदयाची सोनोग्राफी) करणाऱ्या ताईंना आभाराचं पत्र

ताई,

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काट्यावरचा फरक कुणालाही दिसतो. हृदयातला फरक फक्त तुमच्या प्रोबखाली दिसतो, आणि तोही माप नेमकं असेल तरच. या रुग्णांचा पाठपुरावा करणारे आम्ही डॉक्टर त्यासाठी तुमचे मनापासून आभारी आहोत.

लठ्ठपणात शरीरातलं रक्त वाढतं, डाव्या व्हेंट्रिकलच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंती जाड होतात, डावं एट्रियम (वरचा कप्पा) ताणलं जातं. वजन उतरलं की यातलं बरंचसं मागे फिरतं. पण इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्यात व्हेंट्रिकल किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) बहुतेकांचं आधीही नॉर्मल आणि नंतरही नॉर्मल! तेवढंच लिहून रिपोर्ट संपवला, तर काहीच कळत नाही. तुम्ही दर वेळी, त्याच मशिनवर, स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आखडतो), ई बाय ई प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज) आणि एट्रियमचं आकारमान देता.

भिंती मोजताना तुम्ही घाई करत नाही, याचं मोल फार मोठं आहे. छातीवर चरबीचा थर असताना रुग्णाला नीट डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास सोडून थांबायला सांगायचं, यात वेळ जातोच. पण व्हेंट्रिकलचं वजन काढायच्या सूत्रात मापांचा घन होतो. पोकळी 5 सेंमी आणि भिंती 11 मिमी धरल्या तर व्हेंट्रिकलचं वजन 207 ग्रॅम येतं, 12 मिमी धरल्या तर 234. शस्त्रक्रियेने झालेली सुधारणा एवढ्या फरकात बुडून जाऊ शकते.

उंची लिहिल्याबद्दल तर विशेष आभार. व्हेंट्रिकलचं वजन शरीराच्या मापाने भागून पाहावं लागतं. व्हेंट्रिकल 240 वरून 200 ग्रॅमवर आलं आणि शरीराचं क्षेत्रफळही 2.4 वरून 2.0 चौरस मीटरवर आलं, तर भागाकार दोन्ही वेळा 100च. उंचीच्या 2.7 व्या घाताने भागलं, की 165 सेंमी उंचीच्या बाईंचा आकडा 62 वरून 52 वर आलेला दिसतो. अजून बायकांसाठीच्या 44 या मर्यादेच्या वरच, पण दिशा बरोबर आहे.

त्या दिवशीचं बीपी आणि नाडीही तुम्ही टिपता. पहिल्या काही आठवड्यांत पाणी कमी गेलं की ई लहर (व्हेंट्रिकल भरतानाची पहिली लहर) बुटकी आणि एट्रियम लहान दिसतं. ती सुधारणा नसते, डाययुरेटिक (लघवी वाढवणारं औषध) कमी करायची वेळ असते.

एक विनंती. उलट्या थांबत नसलेल्या रुग्णाचं हृदय फुगलेलं दिसलं, तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नका, लगेच फोन करा. थायमिनच्या (बी1 जीवनसत्त्वाच्या) कमतरतेने हृदय निकामी होऊ शकतं, आणि ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन शिरेतून जायला हवं.

आपले,
शस्त्रक्रियेनंतर रुग्ण तपासणारे डॉक्टर