हार्वेस्टचा लिलाव आणि बहिणीची सही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मिरजेचा, जन्मापासून ख्रिस्ती. नाताळ आला की तुमच्या पेपरात आमच्याबद्दल येतं ते म्हणजे चर्चवरची लायटिंग, केक आणि सांताक्लॉज. त्याबद्दल तक्रार नाही, पण बाकी वर्षभर आमच्या घरांत काय चालतं ते कोणी लिहीत नाही आणि आम्हीही लिहीत नाही, कारण घरची गोष्ट चावडीवर न्यायची नाही असं ठरलेलंय. मी आज नेतोय, गोष्ट आहे बहिणीच्या जमिनीतल्या वाट्याची, कारण ती तशीही दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन, शिक्का मारून आलेली आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं मंडळीत, म्हणजे चर्चात, हार्वेस्ट फेस्टिव्हल असतो, म्हणजे उपकारस्तुतीचा सण. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं ते आणून पुढं ठेवायचं, ऊस, हळद, शाळू, गुळाची ढेप, कुणाची कोंबडी, शेती नसली तर घरच्या चकल्या, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव, पैसे मंडळीच्या कामाला. मजा येते खरंच, भोपळा हजारात जातो आणि घेणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही. मला हा सण आवडतो हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर म्हणतील हा चर्चच्या विरोधात गेला.

मागच्या हार्वेस्टला आमच्यातल्या एका बागायतदारानं गुळाच्या ढेपेची बोली ११ हजारापर्यंत नेली. टाळ्या. मग माईक घेऊन साक्षही दिली, देवानं भरभरून दिलं, मी आणि माझं घराणं आम्ही परमेश्वराची सेवा करणार वगैरे. बायकांच्या बाजूला त्याची सख्खी बहीण बसली होती, हातात चहाचा कप, टाळ्या वाजवायच्या म्हणून तिनं तो खाली फरशीवर ठेवला आणि वाजवल्या पण. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिची हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर, सही घेतलेली, हे तिथं बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. एक साडी, एक जेवण, आणि "ताई, माहेर तुटायला नको" एवढं एक वाक्य. ढेप ज्या उसाची होती त्यातला काही ऊस तिच्या वाटणीच्या रानातला, पण हा हिशोब तिथं कोण करणार.

कायद्याचं म्हणाल तर ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता बाप गेला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश पोरांना सारखं, मुलगा मुलगी असा फरकच त्यात नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलासारखा हक्क आपल्या राज्यात १९९४ ला आला आणि देशभर २००५ ला, आमच्या बहिणींकडं बापाच्या इस्टेटीतला सारखा वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर आहे, आणि तरी आमच्या लोकांचे सातबारे काढून बघा. केरळात मेरी रॉय बाईंना यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, १९८६ ला निकाल लागला, पण तिथं त्रावणकोरचा जुना कायदा आडवा येत होता. आपल्याकडं कायदा आडवा येत नाही, भाऊ येतो.

बरं कायदा राहू दे, आम्ही शास्त्र मानणारी माणसं. बायबलच्या जुन्या करारात गणना पुस्तकाचा २७ वा अध्याय काढा. सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, बाप रानात मेलेला, भाऊ नाही, त्या सगळ्या लोकांदेखत मोशेपुढं उभ्या राहिल्या की आमच्या चुलत्यांच्या बरोबरीनं आम्हाला वतन द्या. मोशेनं ते प्रकरण देवापुढं नेलं आणि देव म्हणाला, मुली बोलतात ते बरोबर आहे, द्या त्यांना. आता कोणी म्हणेल त्यांना भाऊ नव्हता म्हणून मिळालं. मान्य, तिथं तसंच लिहिलंय. पण हक्क मागितला म्हणून देवानं त्यांना वाईट ठरवलं नाही, आणि आपल्यात बहिणीनं नुसतं विचारलं तरी ती लोभी ठरते. या अध्यायावर उपदेश ऐकल्याचं मला आठवत नाही. मलाखीचा तिसरा अध्याय, दशमांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला द्यायचा, तो मात्र तोंडपाठ झालाय.

आणि दशमांशावर प्रभू येशू काय बोलला ते पण वाचा की. पुदिना, शेप, जिऱ्याचा सुद्धा दहावा हिस्सा मोजून देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता, हे त्यानं बाहेरच्यांना नाही, देवळातल्या पुढच्या रांगेतल्या लोकांना सुनावलं. दुसरीकडं तर सरळच सांगितलंय की अर्पण वेदीजवळ आणलं आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे ढेप राहू दे तिथं, मुंग्या लागल्या तरी चालतील, आधी बहिणीच्या घरी जा. बायबलातल्या जकातदार जक्कयानं पण सगळ्यांसमोर साक्ष दिली होती, पण त्याची साक्ष हिशोबाची होती, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. आमच्या साक्षींत आजारपण बरं झाल्याचं असतं, पोराला नोकरी लागल्याचं असतं, कोणाचं काय परत केलं ते मी तरी अजून ऐकलं नाही.

बाकी पण आहेच. लग्नाच्या बायोडाटात "प्रभूवर प्रेम करणारी मुलगी हवी" आणि फोनवर पहिला प्रश्न "मूळचे कोण हो तुम्ही?" त्यावर वेगळं पत्र होईल.

हे बोललं की आमच्यातलेच म्हणतात, सध्या वातावरण बरं नाही, लोक आधीच आपल्याकडं संशयानं बघतात, कशाला आयतं कोलीत देतोस. वातावरणाचं खरं आहे, मी नाकारत नाही. पण या भागात ख्रिस्ती माणसावर लोकांनी विश्वास टाकला तो काय आमची झाकपाक बघून? मिशनरी डॉ. वानलेस साहेबांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना उघडला तिथं लांबलांबून सगळ्या जातीधर्माची माणसं आली, आली ती हातांचं काम बघून. साताऱ्यात कवी ना. वा. टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार नावाची भक्तमंडळी मांडली, पगारावर पाणी सोडून. शेजारपाजार सगळं बघत असतो हो. तुमच्या बहिणीला काय दिलं हे पाळकांना माहीत नसेल, पण बांधाला बांध असलेल्याला बरोबर माहीत असतं.

सगळेच तसे नाहीत हेही सांगायला पाहिजे. तासगावकडचे एक द्राक्षबागवाले आमच्या ओळखीचे, उपदेशात हमखास डुलकी घेणारे आणि गीताचा सूर कायम एक पट्टी खाली. वडील गेल्यावर यांनी वारसनोंदीत दोन्ही बहिणींची नावं लावून टाकली, कुठं बोलले नाहीत. अवकाळीत बागा झोपल्या, पंचनामे झाले, आणि भरपाईच्या यादीसाठी तलाठ्यानं आधार कार्ड मागितलं तेव्हा एका बहिणीला कळलं की सातबाऱ्यावर आपण आहोत. ती फोनवर रडायलाच लागली, तर हे म्हणाले, पासबुकाची झेरॉक्स पण लागंल, उद्या पाठव. यांनी आजवर एकदाही साक्ष दिलेली नाही.

काही बहिणी राजीखुशीनं सोडतात, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. पण राजीखुशी आहे की नाही हे सही घ्यायच्या आधी, कागदावर तिची जमीन किती आणि तिची आजची किंमत किती हे तिला सांगून विचारावं, जेवणाच्या ताटावर बसवून नाही.

पाळकसाहेबांना विनंती, पुढच्या हार्वेस्टला लिलावाच्या आधी गणना २७ ची पहिली अकरा वचनं वाचा, पाच मिनिटंही लागणार नाहीत. आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती की यंदाच्या नाताळ पुरवणीत केकच्या रेसिपीशेजारी एक चौकट ख्रिस्ती वारसा कायद्याची द्या, सोप्या भाषेत, कुणाला किती वाटा आणि नोंद कशी लावायची ते. आमच्या बायका पुरवणी जपून ठेवतात.

आपला एक वाचक,
मिरज