काका, तुमच्यामुळे बाबांची गिरकी परत नीट दिसली

कुडाळच्या काकांनू,

फोनवर तुम्ही मला आभार मानूच देत नाही, "रवांदे गो" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून बाबांच्या जुन्या कॅसेट वाचवल्याबद्दल आता सगळ्यांसमोरच लिहिते. आपल्याकडे कितीतरी घरांत जुन्या कॅसेट कपाटात पडून आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

घरी फोरके, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या चित्राचा, प्रोजेक्टर घेतला तेव्हाच ठरवलं होतं की मोठ्या पडद्यावर बाबांचा दशावतार बघायचा. बाबा कित्येक वर्षं स्त्रीपार्ट करायचे, वेंगुर्ल्याच्या आसपासच्या जत्रांमधलं शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर होतं. जिथे चौकशी केली तिथे एकच उत्तर, मॅडम व्हिडिओ प्रोसेसर (चित्र सुधारून प्रोजेक्टरला देणारी पेटी) घ्या, ल्युमाजेन कंपनीचा घ्या नाहीतर मॅडव्हीआर एन्व्ही घ्या, आणि किंमत ऐकली तर लाखांच्या घरात. तुम्ही मात्र पहिल्याच फोनवर विचारलंत, "आदी सांग गो, तुका बघूचा काय हा? मशीन मगे बघूया." काका, या एका प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे, कारण बाकी कोणीच तो विचारला नव्हता.

मग तुम्ही हिशोबच मांडलात. आपलं जुनं पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीचं) व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतलं की ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, आणि तेच चौकोनी चित्र फोरकेच्या पूर्ण उंचीवर पसरलं की ठिपके १५ पट होतात, म्हणजे १५ पैकी १४ ठिपके मशीन अंदाजाने भरणार. ज्या चित्रात मुळातच खोट आहे त्याची खोटच मोठी होऊन दिसणार, मशीन कितीही महाग असो. त्यामुळे पैसे आणि मेहनत कॅसेटच्या बाजूला लावायची, प्रोजेक्टरच्या बाजूला नाही.

आणि कॅसेटची अवस्था तुम्हालाच माहीत. आपल्या पावसाळ्यात टेपच्या रिळावर पांढरी बुरशी धरते, ती तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर टेप वाचणारे हेड खराब होतात आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते, हे मला कोणी सांगितलंच नसतं. तुम्ही एकेक कॅसेट स्क्रू काढून उघडलीत, हातमोजे घालून टेप पुसलीत, सुकवलीत, आणि मगच लावलीत. मग व्हीसीआर आणि कॉम्प्युटरच्या मध्ये टाइम बेस करेक्टर नावाची पेटी जोडलीत. तोपर्यंत देवळाचे खांब उभे राहून सुद्धा थरथरत होते, कारण टेपवरून येणारी प्रत्येक रेघ थोडी पुढेमागे सुरू होते, आणि ही पेटी त्या रेघा साठवून परत सारख्या वेळेवर सोडते. खांब सरळ झाले तेव्हा आई पटकन म्हणाली, "अगो, ह्या तर आपला देऊळ!"

पण खरी गंमत गिरकीची. बाबा गिरकी घेतात तेव्हा नऊवारीचा काठ फिरतो, आणि साध्या प्लेअरवर त्या काठाला फणीचे दात फुटल्यासारखे दिसायचे. तुम्ही चित्र थांबवून दाखवलंत, की पालमध्ये सेकंदाला २५ फ्रेम म्हणतात पण कॅमेरा खरं तर ५० अर्धी चित्रं घेतो, एकदा विषम रेघा एकदा सम रेघा, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणांची असतात. ती दोन एकत्र चिकटवली की दात दिसतात, एक टाकून दिलं तर अर्धी हालचालच जाते. म्हणून डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं, करताना ५० च्या ५० ठेवायची. सिनेमाच्या डीव्हीडीत दोन्ही अर्धी एकाच फ्रेमची असतात, तिथे चिकटवणंच बरोबर, आणि महागडा प्रोसेसर सुद्धा हा फरक ओळखतो का तेच आधी बघायचं असतं. तुम्ही क्यूटीजीएमसी ही फुकट स्क्रिप्ट लावून दिलीत, कॉम्प्युटर रात्रभर चालू राहतो पण सकाळी काठ असा सुळकन फिरतो की बाबा स्वतःच दोनदा मागे घ्यायला लावतात.

फोरके सिनेमांचंही तुम्हीच सोडवलंत. एचडीआरचं (जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या चित्राचं) स्टँडर्ड १०,००० निट्सपर्यंत (निट म्हणजे उजेडाचं माप) जातं आणि प्रोजेक्टर पडद्यावर जेमतेम १०० च्या आसपास देतो, म्हणून सगळं अंधारं दिसतं, प्रत्येक फ्रेमप्रमाणे उजेड बसवून घ्यावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात आणि या कामात ते लाखाचे प्रोसेसर खरंच उत्तम आहेत, हे तुम्ही मोकळेपणी मान्य केलंत. पण ग्राफिक्स कार्ड असलेल्या विंडोज कॉम्प्युटरवर मॅडव्हीआर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि आपल्या फाइलींना पुरतं, फक्त सेटटॉप बॉक्सवरचं किंवा स्ट्रीमिंग स्टिकवरचं त्यातून जाणार नाही, हेही आधीच सांगितलंत. आवाज पुढे जाऊन ओठ मागे राहायला लागले तेव्हा अँप्लिफायरमध्ये ऑडिओ डिले, म्हणजे आवाज थोडा उशिरा सोडायची सोय, कुठे असतो ते पण फोनवरच सांगितलंत, रात्री जेवण टाकून.

काका, दुकानात काही न विकता इतका वेळ देणारं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने वायर जोडायच्या पिनांवर हिरवं चढतं म्हणून त्यांच्यावर लावायची झाकणं आणि सिलिका जेलची पाकिटं सुद्धा तुम्हीच दिलीत, त्याचे पैसे अजून घेतलेले नाहीत, ते घ्यायचेच आहेत हां.

बाबांच्या मंडळातल्या अजून दोघांच्या घरून कॅसेट आल्यात, एकीत दशावतारातलं संकासुराचं सोंग पूर्ण आहे म्हणतात. बुरशी आहे, मी उघडलेल्या नाहीत, व्हीसीआरमध्येही घातलेल्या नाहीत. पाऊस लागायच्या आधी घेऊन येते, बाबाही येणार म्हणतायत.

तुमची,
वेंगुर्ल्याची पोर